श्वास सोडा, पनवेल आलं

पनवेल हे गाव निम्म्या महाराष्ट्राने फक्त झोपेत ऐकलेलं आहे. कोकणातून निघालेली रातराणी पहाटे डेपोत शिरते, कंडक्टर दिवे लावतो, ‘पनवेलवाले, उतरून घ्या’ असं ओरडतो. खिडकीला डोकं टेकलेला प्रवासी एक डोळा उघडतो, अजून तासभर झोप शिल्लक आहे एवढा हिशोब करतो आणि तो पुन्हा मिटतो. उतरणारे आम्ही. मग उरलेला सगळा आवाज आमच्या वाट्याला येतो. हार्बरच्या लोकल इथे येऊन संपतात, कोकणच्या गाड्या इथून पुढे जातात, गोव्याचा महामार्ग इथून सुरू होतो आणि पुण्याचा द्रुतगती मार्ग शेजारच्या कळंबोलीतून. मधली काही वर्षं उलव्याची टेकडी सुरुंग लावून फोडत होते. २५ डिसेंबर २०२५ पासून त्याच भागातून विमानं उडायला लागली. रस्ता, रूळ आणि आकाश असा तिन्ही बाजूंनी बंदोबस्त झाला. पूर्वी पनवेल नावाजलेलं बंदर होतं, तेव्हा पाण्यावरूनही गलका येत असणार. ती एक बाजू काळाने बंद केली, हे उपकारच.

अशा या गावात माझा भाचा शांतता तयार करतो. घाऊक.

म्हणजे तो श्वासाच्या व्यायामासाठी आणि ध्यानासाठी पार्श्वसंगीत करतो. योगवर्गवाले, मसाजवाले, ‘झोप लागत नाही’वाले ते विकत घेतात. नवीन पनवेलच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीत त्याचा कारखाना आहे. आवाज शोषणाऱ्या फोमच्या पट्ट्या परवडेनात, म्हणून भिंतींना जुन्या कापसाच्या गाद्या आणि आजीच्या गोधड्या टांगल्यात. माइक चालू असताना पंखा बंद, खिडकी बंद. आतून तो घामाने निथळत येतो आणि सांगतो, ‘हिमालयातली पहाट झाली करून.’

लग्नाच्या बाजारात या धंद्याचं काय करायचं हा ताईचा प्रश्न आहे. परवा एक स्थळ आलं होतं. ‘मुलगा काय करतो?’

‘ध्यानाचं संगीत.’

‘म्हणजे भजनं?’

‘नाही.’

‘मग शास्त्रीय?’

‘तसंही नाही.’

‘वाजवतो काय?’

‘लॅपटॉप.’

तेव्हापासून ताई ‘आयटीत आहे’ एवढंच सांगते.

या संगीताचा पाया श्वासाचं गणित आहे आणि ते गणित मला पटतं. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. तो ६ वर आणला की शरीर निवांत होतं, असं मानायला बऱ्यापैकी आधार आहे. म्हणून भाचा १० सेकंदांचा तुकडा करतो. चार सेकंद सूर चढतो तेव्हा श्वास घ्यायचा, सहा सेकंद उतरतो तेव्हा सोडायचा. मिनिटाला बरोबर सहा. ताल ऐकू येता कामा नये, पण सापडला पाहिजे. इटलीतल्या पाव्हिया विद्यापीठाच्या ल्युसिआनो बर्नार्डींनी २००१ मध्ये दाखवलं की लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणा किंवा ‘ओम मणि पद्मे हुम्’ म्हणा, दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. भाच्याने मोठ्या कौतुकाने हे त्याच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, सांगितलं. आईने माळेचा मणी न सोडता विचारलं, ‘हे कळायला इटली कशाला लागली?’

इटलीपर्यंत जायची खरंच गरज नव्हती. घाट चढलात की लोणावळा. तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं, प्राणायामाला प्रयोगशाळेत बसवलं, यंत्रं लावली आणि ‘योग मीमांसा’ नावाचं नियतकालिक सुरू केलं. घाटाखाली आम्ही ट्रकच्या धुरात दम कोंडून उभे आणि घाटावर दम कसा कोंडावा याचं शास्त्र, अशी सोय निसर्गाने करून ठेवली आहे. दुसऱ्या अंगाला इगतपुरी. तिथल्या धम्मगिरीत गोएंकागुरुजींच्या पद्धतीने दहा दिवसांचं शिबिर, जवळजवळ सगळं मौनात. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, जसा येतो तसा. संगीत नाही, फोन नाही, वहीपेनसुद्धा नाही. भाच्याच्या धंद्याच्या दृष्टीने इगतपुरी हा कायमचा दुष्काळी तालुका आहे.

त्याचं दैवत वेगळं आहे. ब्रायन ईनो नावाचा इंग्रज. हा गृहस्थ सत्तरच्या दशकात जर्मनीतल्या कोलोनच्या विमानतळावर बसला होता. इमारत देखणी, पण वर जे संगीत लावलं होतं ते ऐकून त्याचा जीव विटला. त्यातून १९७८ मध्ये त्याने ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ ही तबकडी काढली आणि ‘ॲम्बियंट’ हे नाव चालू झालं. त्याच्या अटी साध्या होत्या: मध्येच घोषणा झाली तरी बिघडू नये, लोक बोलत असले तरी चालावं, लक्ष दिलं तर काही सापडावं आणि नाही दिलं तर त्याने रुसू नये. ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाच्या एका टर्मिनलवर ते काही काळ खरोखर लावलंही होतं.

हे ऐकताना मला सारखी कसली तरी आठवण होत होती. शेवटी लक्षात आलं, लग्नाच्या हॉलमधली सनई! ती सकाळपासून वाजत असते. कुणी ऐकत नाही, पण बंद पडली की सगळे वर बघतात. मधूनच माइक खरखरतो, ‘एमएच सेहेचाळीसची पांढरी गाडी गेटसमोर लागली आहे, कृपया काढून घ्यावी’, आणि सनईचं काही म्हणजे काही बिघडत नाही. ईनोच्या सगळ्या अटी आमच्या मंगल कार्यालयांनी तो जन्मायच्या आधीपासून पाळल्या आहेत. फक्त त्यावर तबकडी काढून नाव द्यायचं राहिलं.

ईनोच्याही आधी पॅरिसमध्ये एरिक साती होता. त्याने १९१७ मध्ये ‘फर्निचर म्युझिक’ काढलं. खुर्ची जशी खोलीत असते तसं संगीत असावं, एवढंच त्याचं म्हणणं. १९२० मध्ये एका नाटकाच्या मध्यंतरात त्याने ते वाजवायला लावलं तर शिष्ट पॅरिसकर गपचूप बसून ऐकायला लागले. साती म्हणे खुर्च्यांमधून फिरत ओरडत होता, ‘बोला, हिंडा, ऐकू नका!’ बिचाऱ्याने प्रेक्षक चुकीचे निवडले. आमच्याकडे नाटकाला आला असता तर मध्यंतराची वाटही बघावी लागली नसती. पहिल्या अंकातच मागच्या रांगेतून वेफर्सची पिशवी आणि ‘हॅलो, नाटकात आहे, बोल’ हे दोन्ही मिळालं असतं.

तर भाचा ईनोची पद्धत वापरतो. ईनोने टेपचे वेगवेगळ्या लांबीचे वेढे केले होते. एक सूर साडेतेवीस सेकंदांनी परत येणार, दुसरा सव्वीसच्या आसपास, तिसरा तिसाच्या आसपास. प्रत्येक जण आपापल्या वेळेला येतो, पण तिघं एकत्र कधी येतील याचा नेम नाही, म्हणून ऐकणाऱ्याला तेच तेच वाटत नाही. ‘कळलं का मामा?’ म्हणाला. न कळायला काय झालं? एका फलाटावर हार्बरची लोकल, दुसऱ्यावर दिव्याची गाडी, तिसऱ्यावर मडगावची. तिघींची वेळापत्रकं स्वतंत्र आणि तिघी एकदम लागल्या असं पनवेलच्या इतिहासात घडलेलं नाही. भाच्याचे वेढे २३ आणि २९ सेकंदांचे आहेत. दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे सुरुवातीची जुळणी पुन्हा यायला ६६७ सेकंद लागतात, म्हणजे ११ मिनिटं ७ सेकंद. तोवर गिऱ्हाईक झोपलेलं असतं.

कच्चा माल मात्र बाहेरून आणावा लागतो. पाणी, पक्षी, वारा. पक्ष्यांसाठी कर्नाळा. पनवेलपासून डझनभर किलोमीटरवर अभयारण्य, १९६८ पासूनचं, वर किल्ल्याचा सुळका, अंगठा दाखवल्यासारखा. पावसाळ्यात तिथे शीळकरी कस्तूर गातो. गातो म्हणजे काय, अभ्यास टाळून ओढ्यात पाय सोडून बसलेलं पोरगं जशी मनाला येईल तशी शीळ घालेल, तसं. चाल सुरू होते, अर्ध्यात विसरते, दुसरीच सुरू होते. ध्यानाला याहून योग्य गवई मिळणार नाही. अडचण एकच. राष्ट्रीय महामार्ग ६६ या अभयारण्याच्या मधून जातो.

छत्री धरायला म्हणून मला बरोबर नेलं होतं. झुंजूमुंजू होताना आम्ही डासांच्या स्वाधीन होऊन बसलो. भाच्याने माइकला केसाळ टोपी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. कस्तुराने शीळ घेतली. सुंदर घेतली. ती वर चढते न चढते तोच खालून गोव्याकडे निघालेल्या ट्रकने सात सुरांचा हॉर्न दिला, तोही आलापी करून. कस्तूर थांबला. बहुधा विचार करत असावा की हा कोण नवा. मग त्याने पुन्हा सुरुवात केली आणि शप्पथ सांगतो, वरच्या पट्टीत केली. तेवढ्यात किल्ल्यावर चढायला आलेली मंडळी आली. निसर्गाचा आनंद लुटायला त्यांनी बरोबर ब्लूटूथ स्पीकर आणला होता.

घरी येऊन भाच्याने आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर लावलं. त्याने प्रामाणिकपणे विचार करून पक्षी काढून टाकला आणि ट्रक ठेवला.

पावसाचं प्रकरण अजून गुंतागुंतीचं. पावसाचा आवाज म्हणजे शांतता, हे जगभरच्या ध्यानवाल्यांनी गृहीत धरलेलं आहे. ते बहुधा अशा देशातले असतील जिथे पाऊस बेताने पडतो. रायगडात वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पडतो. त्यामुळे भाच्याने पत्र्यावरच्या सरींचं ‘मॉन्सून मेडिटेशन’ केलं तेव्हा पहिल्या तीन ऐकणाऱ्यांत एक वहिनी उठून गॅलरीतले कपडे काढायला धावल्या, एकाने लोकल चालू आहेत का हे मोबाइलवर बघितलं आणि तिसऱ्या आजोबांनी गाढी नदीला पाणी किती चढलंय ते विचारलं. २६ जुलै २००५चा महापूर ज्यांनी पाहिलाय त्यांच्या नाडीचे ठोके पावसाच्या आवाजाने उतरत नाहीत. ती फाइल पुढे राजस्थानातल्या एका रिसॉर्टने घेतली आणि तिथे म्हणे लोक तृप्त आहेत.

यावर मी त्याला सुचवलं की बाबा, आपल्याकडे तयार माल असताना जंगलात कशाला जातोस? तानपुरा बघ. जगात इतकं निरपेक्ष वाद्य दुसरं नाही. चार तारा, चाल नाही, ताल नाही, कर्तबगारी नाही. घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवला की जवारी उघडते आणि एका तारेतून झुंबर लागल्यासारखे वरचे सूर झरायला लागतात. मिरजेत पिढ्यान् पिढ्या भोपळे वाळवून हे वाद्य बनवतात. २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तानपुऱ्यावर बसणारा शिष्य गवयाच्या मागे अशा बेताने बसतो की तो कुणाला दिसू नये, आणि बुवा दोन तास काहीही करोत, याने आपलं तेच वाजवायचं. चेहऱ्यावर जांभई दाबल्याची छटा असते, तीच समाधी.

आणि सप्ताह? आमच्याकडे गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतो. त्यात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. पहारे लावलेले असतात. भल्या पहाटे मोटारसायकलवरून एक जण येतो, चपला काढतो, उभ्या माणसाच्या गळ्यातली वीणा उभ्याउभ्या आपल्या गळ्यात घेतो आणि मधे एक झंकारही चुकत नाही. इंटरनेटवर ‘दहा तास अखंड शांत संगीत’ म्हणून मिरवणाऱ्या फाइली असतात. सप्ताहाचे १६८ तास होतात. तेही बिनविजेचे, वर शेवटी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘मामा, तू मार्केटिंगला ये.’

खरी परीक्षा सोसायटीच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली. तिथे सकाळी सहाला योगवर्ग भरतो. वर्ग घेणाऱ्या बाईंनी भाच्याकडून खास वीस मिनिटांचं संगीत मागवलं होतं. त्याने पाच सुरांत बांधलं, सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. हे पाच सूर एकमेकांशी भांडत नाहीत, कुठलाही कुठल्याही नंतर आला तरी कानाला टोचत नाही, म्हणून जगभरचे लोक ध्यानाला हेच वापरतात. बाई म्हणाल्या, ‘डोळे मिटा. फक्त श्वासाकडे लक्ष द्या.’ सगळ्यांनी डोळे मिटले. मिनिटभर गेलं असेल. तिसऱ्या रांगेतून निवृत्त बँक अधिकारी काकांचा दबका, पण शेडभर पोचणारा आवाज आला, ‘भूप.’

‘देशकार,’ दुसरे एक काका म्हणाले.

‘भूप हो. गंधारावर थांबतोय.’

‘धैवत बघा ना कसा लावलाय.’

आता हा वाद साधा नाही. भूप आणि देशकार यांचे सूर तेच पाच. भूपाचा जीव गंधारात, देशकाराचा धैवतात. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. आमच्याकडे कानावर पडलेला सूर नुसता जाऊ देणं हा संगीताचा अपमान समजतात. त्याचं कूळ विचारलंच पाहिजे. सातीच्या पॅरिसकरांनी निदान गप्प बसून ऐकलं. आम्ही ऐकतोही आणि बोलतोही, आणि बोलतो ते ऐकलेल्याबद्दलच. असा श्रोता जगात कुठल्याच ॲम्बियंटवाल्याने हिशोबात धरलेला नाही. भाचा केविलवाणा होऊन म्हणाला, ‘काका, राग नाहीये तो. सॉफ्टवेअर आपोआप सूर निवडतंय.’ भूपवाले काका त्याच्याकडे दयेने बघत म्हणाले, ‘त्यालाही शिकवलंच असेल ना कुणीतरी?’ एका वहिनींनी डोळे मिटूनच ‘वा!’ म्हटलं. ती एका लांबलेल्या सुराला दाद होती. मागाहून कळलं की तो सूर फोन अडकल्यामुळे लांबला होता.

त्याच अडकलेल्या फोनवर बाराव्या मिनिटाला, सगळे श्वास रोखून बसलेले असताना, वैयक्तिक कर्जाची जाहिरात लागली. कुंभक जागच्या जागी सुटला.

वाद मिटवला बाईंनी. त्यांचे दोन वर्ग आहेत, सकाळी सहा आणि संध्याकाळी सात. एकच फाइल. सकाळी तिचं नाव ‘देशकार ध्यान’ आणि संध्याकाळी ‘भूप ध्यान’. दोन्ही काका खूश. भाच्याने दोन्हींचं वेगळं बिल लावलं.

हे संगीत अमुक हर्ट्झचं आहे का, अशीही मागणी येते. ५२८ने म्हणे शरीर दुरुस्त होतं, ४३२ने विश्वाशी जुळतं. याला धड पुरावा नाही. आमच्याकडे तर सा गळ्याप्रमाणे ठरतो, कुणाची काळी एक, कुणाची पांढरी चार, मग विश्वाने नेमकं कुणाशी जुळायचं? भाचा असे प्रश्न विचारत नाही. तो फाइलच्या नावात आकडा घालतो.

मग त्याच्या हाती बर्नार्डींचा दुसरा अभ्यास लागला, २००६चा. त्यांनी लोकांना सहा तऱ्हेचं संगीत ऐकवलं. त्यात भारतीय रागही होता. द्रुत संगीताने श्वास आणि ठोके वाढले, संथ संगीताने कमी, इथपर्यंत कुणालाही सांगता आलं असतं. पण मधेच त्यांनी दोन मिनिटांची नुसती शांतता घातली होती. सगळ्यात जास्त निवांत लोक झाले ते तिच्यात. रक्तदाब, ठोके, श्वास, सगळं संगीत सुरू होण्याआधीच्या पातळीच्याही खाली गेलं. म्हणजे संगीताचं मोठं काम कुठलं, तर थांबणं. भाचा दोन दिवस जेवला नाही. ज्याची रोजीरोटी सुरांवर त्याला असं वाचायला लागू नये.

पण तो माझा भाचा आहे. तिसऱ्या दिवशी त्याने वीस मिनिटांच्या फाइलीत बरोबर मध्यावर दोन मिनिटं कोरी सोडली आणि नवी आवृत्ती म्हणून वर्गात दिली. सकाळी ती जागा आली. पहिल्या दहा सेकंदांत कुणीतरी म्हणालं, ‘लाइट गेले.’ दुसऱ्याने डोळे न उघडता सांगितलं, ‘पंखा चालू आहे, नेट गेलं असेल.’ त्यानंतर मात्र कुणी बोललं नाही. डेपोतली एसटी रिव्हर्स घेत होती, मालगाडी पुलावरून चालली होती, खालच्या मजल्यावर कुकरची तिसरी शिट्टी झाली, आणि तिसऱ्या रांगेतले दोन्ही काका रागाचं नाव न घेता श्वास घेत होते. मी मोजले. मिनिटाला सातच्या आसपास भरले.

बाई भलत्याच खूश झाल्या. वर्ग संपल्यावर त्यांनी भाच्याला बाजूला घेतलं, नव्या आवृत्तीचं मनापासून कौतुक केलं आणि म्हणाल्या, ‘पण दर तोच लावलायस. मधली दोन मिनिटं तर रिकामी आहेत. तेवढे कापून घे.’

भाचा म्हणाला, ‘मॅडम, तीच दोन मिनिटं खरी.’

‘असेल रे. पण त्यात तू काय केलंयस?’

या प्रश्नाला इटलीत उत्तर नाही. ताईने मध्यस्थी केली, चहा झाला, आकडे वरखाली झाले. शेवटी संगीत पूर्ण दराने आणि शांतता अर्ध्या दराने, असं ठरलं. जीएसटी वेगळा.